वाक्य पुरं झालं पाहिजे

भगवंतराव बोलत नाहीत ही तक्रार माणिकबाईंनी लग्नानंतर काही वर्षं केली आणि मग सोडून दिली. माणूस वाईट नव्हता. दारूला शिवत नव्हता, बायकोवर हात उगारत नव्हता, संत्र्याच्या बागेत राबत होता आणि घरी आल्यावर विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला "हं" म्हणत होता. जेवायला वाढू का, हं. पाहुण्यांना थांबवून घ्यायचं का, हं. आकांक्षाला अकोल्याचं स्थळ आलं आहे, द्यायची का, तर त्यालाही हं. त्या एका हंमधून होकार, नकार, भूक आणि राग वेगळे काढायची विद्या माणिकबाईंनी कमावली होती. तेवढ्यावर संसार नीट चालला होता. दसऱ्याच्या आधी भगवंतरावांना अटॅक आला आणि ती विद्या अपुरी पडली.

अमरावतीच्या दवाखान्यात काळजाच्या नळीत स्प्रिंग टाकली, जीव वाचला. घरी सोडायच्या दिवशी व्यायाम शिकवणारा सुगत नावाचा माणूस आला. त्यानं नवराबायकोला समोर बसवलं आणि अगदी साधे प्रकार करून दाखवले. हाताचा टेका न घेता खुर्चीवरून उठायचं, पुन्हा बसायचं. भिंतीला हात लावून टाचा उचलायच्या. जागच्या जागी पाय उचलायचे, श्वास घेत हात वर न्यायचे. आणि रोज चालायचं, ऊन पडल्यावर, सपाट रस्त्यानं, आधी सावकाश, मग जरा झपझप, शेवटी पुन्हा सावकाश. पैलवानकी करायची नाही, पण एका दिवसाचा नागाही करायचा नाही. किती जोरात चालायचं हे कसं कळणार, असं माणिकबाईंनी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "सोपं आहे काकू. चालता चालता बोलत राहायचं. काकांचं वाक्य पूर्ण झालं म्हणजे चाल बरोबर आहे. दम लागून वाक्य मधेच तुटलं, की थांबायचं आणि बसायचं. छातीत दुखलं, घाम फुटला, तर सरळ दवाखाना गाठायचा."

माणिकबाईंनी मनातल्या मनात हिशोब मांडला. गोळ्या देता येतील, मीठ कमी करता येईल, खुर्चीचं करवून घेता येईल, पण या माणसाला बोलतं कोण करणार? यासाठी एखादं मशीन मिळतं का, असं त्यांनी विचारलं. सुगतला ती थट्टा वाटली आणि तो हसला. माणिकबाई हसल्या नाहीत.

मोर्शीजवळच्या आपल्या गावी आल्यावर खुर्ची आणि भिंतीचे व्यायाम बिनबोभाट सुरू झाले. टाचा उचलणाऱ्या भगवंतरावांना पाहून शेजारच्या पार्बताबाईंनी कुंपणावरून विचारलं, की भाऊजी भिंतीपलीकडे काय पाहतात. त्यालाही उत्तर हंच मिळालं. खरी पंचाईत चालण्याची होती. त्या गावात बिनकामाचं कोणी चालत नाही. समोरून येणारा प्रत्येक जण "कुठं चालले भाऊ" म्हणून विचारणार, आणि विचारल्यावर काहीतरी ठिकाण सांगावं लागतं. फिरायला चाललो हे सांगायची भगवंतरावांना लाज. म्हणून पहिल्या दिवशी त्यांनी विळा घेतला. नंतर खताची रिकामी चुंगडी काखेत मारायला लागले. हा माणूस रोज चुंगडी घेऊन काहीतरी आणायला जातो आणि रोज रिकामाच येतो, हे गावाला लवकरच पाठ झालं.

त्यात पुन्हा चालायची रीत. बाईनं नवऱ्याच्या मागून चालायचं, हे माणिकबाईंच्या पायांना कोणी न सांगता माहीत होतं. पण मागून दम ऐकू येत नाही. म्हणून शेतांमधल्या पांदणीला लागलं की त्या झपाझपा पाय उचलून नवऱ्याच्या बरोबरीनं यायच्या. बायको खांद्याला खांदा लावून चालते म्हटल्यावर भगवंतराव कानकोंडे व्हायचे आणि वेग वाढवायचे. मग माणिकबाईही वाढवायच्या. सावकाश चालायला निघालेली ही दोघं, एकाला लाज आणि दुसरीला धास्ती, अशी शर्यत लावल्यासारखी पांदण कापायची.

चालताना त्या विचारत राहायच्या, पाय दुखतात का, ऊन लागतं का, आकांक्षाचा फोन आला होता का. हं, हं, हं. हा हं रागाचा की दमाचा? त्या चालता चालता त्यांच्या मानेवर घाम शोधायच्या, सदरा पाठीला चिकटला का ते पाहायच्या. जिभेखाली ठेवायच्या गोळीची पुडी त्यांच्या कमरेला खोचलेली असायची आणि हात सारखा तिकडं जायचा. दुपारी भगवंतराव आडवे झाले, की त्या डाळ निवडायला जवळच बसायच्या आणि डाळीपेक्षा त्यांची छातीच जास्त निवडायच्या. छाती हललेली दिसली नाही, तर मुद्दाम ताटलीवरचं झाकण पाडायच्या. भगवंतराव दचकून उठायचे. दुखऱ्या काळजाच्या माणसाला असं दचकवू नये, हे त्यांना नंतर सुचायचं आणि मग त्याची वेगळी काळजी लागायची.

रस्ता सापडला तो चुकूनच. थंडीत संत्र्याच्या झाडांचं पाणी काही दिवस तोडतात, म्हणजे झाडं सुकल्यासारखी होतात आणि मग पाणी सोडलं, की बहार फुटतो. याला ताण देणं म्हणतात, आणि बागेत त्याचेच दिवस होते. इकडे सुगतनं बजावलं होतं, की ताण अजिबात नको. एका सकाळी माणिकबाई आपल्याच विचारात बोलून गेल्या, की डॉक्टर लोकांनी ताण बंद सांगितला आहे, तर मी आज बागेला पाणी सोडून देते.

भगवंतराव थांबले. वळले. आणि म्हणाले, "थो ताण माणसाचा व्हय, झाडाचा नाई. आता पाणी सोडलं तं झाड नुसतं पाल्यावर जाईन, मंग बहार काय तुह्या बापाच्या घरून आणू काय?"

एका दमात, अथपासून इतिपर्यंत. बापाचा उद्धार झाला तरी माणिकबाईंचे डोळे आनंदानं भरून आले. वाक्य पुरं झालं होतं.

मग त्या रोज चुकायला लागल्या. आज काय स्वयंपाक करायचा याच्या आधी आज कोणती चूक करायची हे ठरू लागलं. खोडावर डिंक दिसला तर तो झाडाच्या तब्येतीचा, पुसायचा कशाला. शेणखत म्हणजे जुन्या लोकांचं खूळ. शेंदूरजनाघाटचे व्यापारी देतील तो भाव मुकाट्यानं घ्यावा. प्रत्येक चुकीला भगवंतराव घसघशीत बोलायचे आणि माणिकबाई त्या बोलण्यात कुठं खाच पडते का ते कान देऊन ऐकायच्या. संध्याकाळी अकोल्याला फोन लावून सांगायच्या, की बाबा आज मला लई बोलले, सारखे बोलले, मधे श्वास घ्यायलाही थांबले नाहीत. आकांक्षाच्या नवऱ्यानं तिला एकदा विचारलं, की तुझी आई शिव्या खाऊन इतकी खूश कशी.

या सगळ्यात माणिकबाईंना स्वतःला घाबरायचं. हा शब्द आपल्याकडे दुहेरी आहे, आणि घोटाळा झाला तो तिथंच. वऱ्हाडातला माणूस "मले घाबरते" म्हणतो तेव्हा तो कशाला भीत असतोच असं नाही. छातीत कोंडल्यासारखं होतं, हवा पुरत नाही, काळीज धडधडतं आणि जीव जागेवर राहत नाही, यालाही घाबरणंच म्हणतात. माणिकबाईंना वाळवणाचं सूप घेऊन गच्चीवर जाताना घाबरायचं. पांदणीत पाय उचलताना घाबरायचं. पाठीत दोन्ही खांद्यांच्या मधे काहीतरी धरून बसायचं, कधी जबड्यापर्यंत यायचं, टेकलं की उतरायचं. पार्बताबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, घरातला माणूस मरणाच्या दारातून परत आला, घाबरणार नाही तर काय होईल. आकांक्षाला फोनवर सांगितलं, ती म्हणाली, आई, घाबरू नकोस, बाबा आता ठीक आहेत. सगळ्यांनी अगदी मायेनं भलत्याच घाबरण्यावर उपाय सांगितला. आणि माणिकबाईंनाही तो पटला. आपल्याला भीती वाटते हे खरंच होतं, मग वेगळं दुखणं शोधायचं कशाला.

संक्रांत जवळ आली तसे भगवंतराव बदलले. आधी त्यांची चाल मंदावली. पांदणीत सुरुवातीपासूनच ते रेंगाळायला लागले, मधेच उभं राहून उगाच एखाद्या झाडाकडं पाहत बसायचे. मग ते आपणहून बोलायला लागले. चूक करायची वेळच येईना. माणिकबाईंनी तोंड उघडावं, तर त्यांचं ऐकून न घेता हे आपले सुरू. कुठली विहीर कोणी खणली, कोणत्या साली गारपीट झाली, आकांक्षा लहानपणी संत्र्याच्या ढिगात कशी झोपली होती.

दुसरी बाई असती तर सुखावली असती. माणिकबाईंचं अन्न उतरेना. चाल मंदावली म्हणजे काळीज थकलं. आणि जन्मभर गप्प राहिलेला माणूस असा जुनं जुनं काढून बोलायला लागला, म्हणजे तो निरोप घेतो आहे. असं बोलून गेलेली माणसं त्यांनी ऐकली होती. त्यांनी अकोल्याला फोन करून सांगितलं, की तपासणीची तारीख अलीकडे घ्या, तुझ्या बाबांचं लक्षण बरोबर दिसत नाही. आकांक्षानं विचारलं, त्यांना दम लागतो का? नाही. दुखतं का? नाही. मग काय होतं? माणिकबाई म्हणाल्या, "बोलून राहिले." पोरगी हसली आणि माणिकबाईंनी फोन ठेवून दिला.

त्याच आठवड्यात ते घडलं. ऊन चांगलं वर आलं होतं, शेजारच्या बागेत संत्र्याची गाडी भरत होती. भगवंतराव पुढं होते, माणिकबाई जरा मागं राहिल्या होत्या, पाठीतलं धरणं सकाळपासून सुटलं नव्हतं. वळणावर भगवंतराव एकाएकी थांबले. बोलता बोलता थांबले, अर्ध्या वाक्यावर, आणि तसेच पाठमोरे उभे राहिले.

आलं, असं माणिकबाईंना वाटलं. ज्याची इतके दिवस वाट पाहिली ते आलं. त्या धावल्या. कमरेची पुडी काढायला हात गेला, पण ती सुटेना. जवळ जाऊन त्यांनी नवऱ्याचा दंड धरला आणि विचारायला गेल्या, काय झालं, बोला ना. तोंडातून फक्त "बो" एवढंच आलं.

भगवंतराव वळले. चेहरा कोरडा होता, घामाचा टिपूस नाही. ते बायकोकडं पाहत होते.

"मले काई नाई झालं," ते म्हणाले. "मी तुह्या पायाचा आवाज आयकत होतो. तू बोल. एक वाक्य पुरं बोल माह्यासंग."

माणिकबाईंनी बोलायचं ठरवलं. मला काय धाड भरली, तुम्ही आधी खाली बसा, इतकं साधं वाक्य होतं. "मले काय" एवढं झालं आणि पुढचं हवेअभावी तसंच राहिलं. पुन्हा जोर केला. पुन्हा तिथंच अडलं.

"पाह्य," भगवंतराव म्हणाले. "किती दिवसाचं आयकून राहिलो मी. तुह्यं वाक्य पुरं होऊन नाई राहिलं. म्हणून हळू चालून राहिलो. म्हणून मीच बोलून राहिलो, का तुले बोलाचं काम पडू नये. मले वाटलं, माह्यापायी भेली अशीन, आपोआप थांबून जाईन."

त्यांनी काखेतली चुंगडी बांधावर अंथरली आणि बायकोला तिच्यावर बसवलं. माणिकबाईंचं कपाळ आता घामानं भिजलं होतं, थंडीच्या दिवसात. मग भगवंतरावांनी संत्र्याच्या गाडीला हाक मारली. ओरडायचं नाही, असं दवाखान्यात सांगितलं होतं. त्या हाकेनं गाडी भरणारी माणसं हातातली क्रेट तिथंच टाकून पळत आली. माणिकबाईंना इकडे हीच चिंता, की या ओरडण्यानं ह्यांना काही झालं तर.

तालुक्याच्या दवाखान्यात निराळंच झालं. अटॅकच्या वेळी भगवंतरावांना आधी तिथंच नेलं होतं, म्हणून ते सगळ्यांना माहीत. ते संत्र्याच्या गाडीतून उतरताना दिसले तशी दोघांनी धावत येऊन त्यांनाच धरलं आणि खाटेवर आडवं केलं. ते हात झटकत होते, मी नाही, ती, ती, म्हणत होते, आणि माणसं म्हणत होती, काका, बोलू नका, शांत पडा. माणिकबाई दाराशी बाकावर बसून पाहत होत्या. नवऱ्याला खाटेवर पाहून त्यांना क्षणभर तेच खरं वाटलं.

अखेर भगवंतराव उठलेच. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलणं वऱ्हाडाबाहेरचं, स्वभावानं गोड. बाकाजवळ येऊन त्यांनी विचारलं, मावशी, काय होतंय? माणिकबाई म्हणाल्या, "घाबरते." डॉक्टरीणबाईंनी त्यांचा हात हातात घेतला. घाबरू नका, काका छान आहेत, काळजी करून करून असं होतं, म्हणाल्या, आणि पित्ताची गोळी लिहायला कागद पुढं ओढला.

घराबाहेर कोणाला उलटून बोलणं भगवंतरावांना ठाऊक नव्हतं. डॉक्टर तर देवाच्या खालोखाल. ते टेबलापाशी गेले आणि उभ्यानंच बोलले.

"मॅडम, थे भेत नाई. बागेत साप निंगाला तं थे काठी घेऊन पुढं होते अन् मी मांगं राह्यतो. तिले भेव नाई लागलं, तिले घाबरते. छातीत. आंधी माह्याशी भांडे तं एका दमात भांडे, आता अर्ध्यावर थांबते. मी रोज तिच्या बाजूनं चालतो, मी आयकलं. तुमी तपासून पाहा. काई नाई निंगालं तं मी तुमची माफी मांगतो."

डॉक्टरीणबाईंनी पेन ठेवलं. कुठं दुखतं, ते कुठं जातं, केव्हापासून, हे सगळं पुन्हा पहिल्यापासून विचारलं आणि लगेच ईसीजी काढायला सांगितला. कागद हातात आला तसा त्यांचा गोड चेहरा गेला आणि कामाचा आला. चघळायच्या गोळ्या दिल्या, सुई लावली, अमरावतीला फोन केला, गाडी दारात लागली. स्ट्रेचर आत ढकलताना त्या भगवंतरावांना म्हणाल्या, आणलंत ते बरं केलंत, पण आता वेळ घालवू नका.

गाडीत माणिकबाईंच्या तोंडावर मास्क होता. भगवंतराव बाजूला बसले होते, एका हातानं दांडा धरून, दुसरा हात बायकोच्या हातावर. सगळ्या जन्मात चारचौघांसमोर त्यांनी तिचा हात धरला नव्हता. माणिकबाईंना सांगायचं होतं, की तुमची दुपारची गोळी घरीच राहिली, ती घ्या, आणि उभ्या उभ्या असं बोलत जाऊ नका. त्यांचे ओठ हललेले पाहून भगवंतराव म्हणाले, "तू नको बोलू. मी बोलतो, तू आयक."

आणि ते बोलत राहिले. आधी बागेचं, कारण तेच त्यांना येत होतं. ताण कधी तोडायचा, पाणी कोणत्या ओळीपासून सोडायचं. मग आकांक्षा निघाली आहे, अकोल्याहून थेट दवाखान्यातच येणार आहे. मग तू बागेचं चुकीचं बोलत होतीस ते मला पहिल्याच आठवड्यात समजलं होतं, शेणखताला खूळ म्हणणारी बाई तू नव्हेस, पण तुला बरं वाटत होतं म्हणून मीही रागावत होतो. माणिकबाई डोळे मिटून ऐकत होत्या. सगळे शब्द काही कळत नव्हते. त्या फक्त वाक्यांची टोकं ऐकत होत्या. एक पुरं झालं. दुसरं पुरं झालं. ह्यांचा दम साबूत आहे.

आणि मधेच वाक्य तुटलं.

"तू नसली तं मी कोणाशी," एवढं झालं आणि पुढं काही आलंच नाही. गाडीचा आवाज तेवढा राहिला. माणिकबाईंनी डोळे उघडले. सगळी ताकद लावून मास्क बाजूला केला, दुसऱ्या हातानं त्यांचं मनगट घट्ट धरलं आणि विचारलं, "दम?"

भगवंतरावांनी मान हलवली. दुपट्ट्याच्या टोकानं डोळे पुसले, नाक ओढलं.

"नाई," ते म्हणाले. "रडू येऊन राहिलं."

माणिकबाईंनी नवऱ्याला रडताना कधी पाहिलं नव्हतं. पण त्यांना आधी हायसं वाटलं, आणि त्यांनी मास्क पुन्हा तोंडावर ओढून घेतला.